हवामान नसलेली पाच पत्रे

जर्मन नौदलाच्या सूचनापत्राप्रमाणे खलाशी एवाल्ट गिल्शर १८ जानेवारी १९४५ रोजी सकाळी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ कामी आला. त्याने आईला लिहिलेल्या शेवटच्या पत्रावर तारीख आहे १० फेब्रुवारी १९४५. दोन्ही कागद बिस्किटांच्या एकाच पत्र्याच्या डब्यात ऐंशी वर्षे पडून होते. सूचनापत्राच्या समासात त्याच्या आईने, एलिझाबेटने, पेन्सिलीने लिहिले आहे : ‘खोटे. पत्र क्रमांक ४६ पाहा.’

एलिझाबेट १९७१ साली वारली. डब्याच्या झाकणाला आतून तिने एक चिठ्ठी चिकटवली होती. ‘ज्यांनी त्याला शेवटचे पाहिले त्यांचा कागद येईपर्यंत एवाल्टचे नाव कोणत्याही दगडावर घालू नये.’ कायझर्सलाउटर्नच्या उत्तरेला टेकड्यांत वसलेल्या त्यांच्या गावाने १९५६ मध्ये युद्धात गेलेल्यांचे स्मारक उभारले, तेव्हाही तिने हे नाव वगळायला लावले होते. मुलगा परत येईल आणि स्वतःचे नाव तिथे वाचेल, असे तिने सरपंचांना सांगितल्याची नोंद गावसभेच्या इतिवृत्तात आहे.

आता एवाल्टला प्रत्यक्ष पाहिलेली एकच व्यक्ती हयात आहे. त्याची बहीण इर्मगार्ट. वय नव्वद. आईच्या थडग्यावरचा वालुकाश्माचा दगड गेल्या वर्षी खचला आणि तो नव्याने बसवायचे ठरले. इर्मगार्टना स्वतःलाही तिथेच पुरले जायचे आहे. त्यांचे म्हणणे एवढेच होते की आपल्या नावाआधी एवाल्टचे नाव त्या दगडावर यावे आणि ते आपण डोळ्यांनी पाहावे. नोव्हेंबरच्या शेवटी इथे मृतांचा रविवार पाळतात. गावातले सगळे त्या दिवशी दफनभूमीत जातात. त्याआधी पाथरवट येणार होता. आईची अट मात्र मोडायची नाही, यावर त्या ठाम होत्या.

हे मला शुभदाताईंकडून कळले. त्या इर्मगार्टच्या सूनबाई. मूळच्या पुण्याच्या, अठ्ठावीस वर्षांपूर्वी योआखिमशी लग्न होऊन इकडे आलेल्या. बर्लिनच्या अभिलेखागारातल्या माझ्या कामाची त्यांना ऐकीव माहिती होती.

“हर्षा, तू ते जुनं वाकडंतिकडं जर्मन अक्षर वाचतेस ना गं? आमच्या घरात कुणाला ओ की ठो कळत नाही. योआखिमला विचारलं तर म्हणतो, डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन आहे.”

“वाचते. आधी मोडी शिकले होते, त्यामुळे हे फार परकं वाटलं नाही.”

“मग ये बाई. आल्झो, सरळ सांगते. आईंना सप्टेंबरपासून दुसरा विषय नाही. पाथरवटाचा यायचा टेर्मिन ठरलाय, उंटरलागन, कागदपत्रं काहीच नाहीत. तुला त्या मामांचं काही सापडलं तर बघ. नाही सापडलं तरी तसं तोंडावर सांग, त्यांना गोड बोललेलं आवडत नाही.”

डबा बर्लिनला आला तो त्यांची मुलगी कुहू हिच्यासोबत, रेल्वेने, तिच्या मांडीवर. डब्यात शेहेचाळीस पत्रे होती. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एलिझाबेटने क्रमांक आणि पोचल्याची तारीख घातली होती. अभिलेखागारात काम करणाऱ्याला अशी आई क्वचितच भेटते.

एवाल्टचा जन्म मार्च १९२६ चा. वडील दगडाच्या खाणीत होते. १९३८ मध्ये फुप्फुसांत धूळ साठून वारले. चौदाव्या वर्षी एवाल्ट शेजारच्या गावातल्या एका कारागिराकडे खोगिरे आणि घोड्यांचा साज शिवायला शिकू लागला. त्याच्या हातचे एकच काम उरले आहे : बहिणीच्या शाळेच्या दप्तराचा पट्टा. दुहेरी शिवण, दर इंचाला सात टाके. मी मोजले.

घरात सांगितले जाते की त्याला सक्तीने नेले. सेवापत्रिकेत तसे नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये, साडेसतराव्या वर्षी, त्याने स्वेच्छेने नौदलासाठी अर्ज केला होता. पायदळात किंवा त्याहून वाईट ठिकाणी पाठवले जाण्याआधी आपणच नौदल निवडावे, असा हिशेब त्या काळी अनेक मुले करीत. एवाल्टने तो केला होता का, हे दाखवणारा कागद माझ्याकडे नाही. तो उत्साहाने गेला असेल, ही शक्यताही मला खोडता येत नाही. अर्जदार अल्पवयीन असल्याने पालकाची संमती लागत असे. अर्जाच्या तळाशी सही आहे : एलिझाबेट गिल्शर.

त्याने तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. चार महिन्यांच्या शिक्षणानंतर त्याची नेमणूक सुरुंग काढणाऱ्या एका बोटीवर झाली. ही मूळची मासेमारीची बोट; पुढे एक तोफ बसवलेली, मागे लांब तार ओढणारी. तारेने पाण्यातल्या सुरुंगांचे दोर कापायचे, सुरुंग वर आला की गोळ्या घालून फोडायचा, आणि मागून येणाऱ्या मालवाहू जहाजांना वाट मोकळी करून द्यायची. त्या जहाजांत बहुतेक वेळा लोखंडाचे खनिज असे. त्या लोखंडाचे पुढे काय होते याचा एवाल्टने कधी विचार केला की नाही, हे पत्रांतून कळत नाही. अडतीस जणांच्या त्या बोटीवर तो शिंपी आणि चांभारही झाला. ‘कप्तानाचे बूट शिवले,’ तो लिहितो. ‘त्यांनी विचारले, घोड्यांची सवय असलेल्याला बूट कसे जमतात? मी म्हटले, घोडे लाथा मारतात, हाच फरक.’ कप्तान हसला की नाही, ते लिहिलेले नाही.

प्रत्येक पत्राची सुरुवात हवामानाने होते. डोंगरातल्या मुलाला समुद्रावर पहिली गोष्ट दिसली ती आकाश, आणि मग तशी सवयच लागली असावी. ‘धुके. डेक ओले. वारा नाही.’ ‘कालपासून ईशान्येचा वारा, दोर गोठून काठीसारखे झालेत.’ त्यानंतर आईच्या मागच्या पत्राला मुद्देसूद उत्तर : शेळी व्याली हे बरे झाले, छपराचे काम एकटीने काढू नकोस, इर्मीला गणितात मार खाऊ देऊ नकोस.

क्रमांक १ ते ४१ असेच आहेत. क्रमांक ४२ ते ४६ तसे नाहीत.

या पाच पत्रांत हवामान नाही. आईच्या कोणत्याही पत्राला उत्तर नाही. मजकूर आपुलकीचा आहे, पण कोणत्याही आठवड्यात लागू पडेल असा. पाचही पत्रांच्या शेवटी एकच प्रश्न आहे : ‘इर्मीच्या दप्तराचा पट्टा टिकला का?’ एलिझाबेटने डिसेंबरच्या आरंभीच त्याला कळवले होते की पट्टा उत्तम आहे. ४१ व्या पत्रात त्याने त्याबद्दल आनंदही व्यक्त केला आहे. ज्याला उत्तर मिळाले आहे तो माणूस तोच प्रश्न पुन्हा पाचदा का विचारील? विचारायला दुसरे काही नसेल तर. मजकुराची शाई निळी-काळी, पाचही पत्रांत एकच. तारखा मात्र जांभळ्या पेन्सिलीने घातलेल्या, आणि हात निराळा. त्या तारखा अशा : ३० डिसेंबर, ९ जानेवारी, २१ जानेवारी, ३१ जानेवारी, १० फेब्रुवारी.

ही पाचही पत्रे एका बैठकीत, तारीख न घालता लिहिली गेली असावीत असा माझा तर्क झाला. शुभदाताईंना फोनवर तो सांगितला.

“म्हणजे मिळालं की!”

“नाही. हा तर्क आहे. एलिझाबेटबाईंनी मागितला होता तो कागद.”

“तू आणि माझ्या आजेसासूबाई, दोघींचं चांगलं जमलं असतं. गेनाऊ, अगदी एकाच साच्यातल्या.”

कागद सापडायला पाच आठवडे लागले. एलिझाबेटने १९५० मध्ये मुलगा बेपत्ता असल्याचा अर्ज बेपत्ता सैनिकांची चौकशी करणाऱ्या एका कार्यालयाकडे केला होता. तेथील कागदपत्रे पुढे विखुरली, पण ही फाइल बर्लिनमध्ये शाबूत निघाली. नऊ पाने. त्यांत दोन जबान्या, दोन्ही १९५३ च्या.

पहिली बोटीवरच्या स्वयंपाक्याची. तो वाचलेल्या अकरांपैकी एक. १८ जानेवारीला सकाळी दहाच्या सुमारास विमाने आली. गिल्शर पुढच्या तोफेला गोळे पुरवीत होता. दुसऱ्या फेरीत बोटीचा पुढचा भाग गेला. तिथे असलेल्यांपैकी कोणीही वर आला नाही. ‘मी त्याला ओळखत होतो. माझ्या एप्रनचा पट्टा त्यानेच शिवला होता.’

दुसरी जबानी बंदरावरच्या टपाल कारकुनाची, मार्टिन ओल्समान याची. ती मी जवळजवळ पूर्ण देते.

‘बोटी एकदा गेल्या की दोन-तीन आठवडे परतत नसत. गिल्शरच्या आईला रविवारपर्यंत पत्र न मिळाल्यास ती आजारी पडते, असे त्याने मला सांगितले. नाताळात त्याने माझ्या टेबलावर बसून पाच पत्रे लिहिली. तारखेची जागा मोकळी ठेवली. दर दहा दिवसांनी एकावर तारीख घालून मी ते पाठवायचे, असे ठरले. बोट २८ डिसेंबरला निघाली. ती बुडाल्याचे कळले तेव्हा माझ्याकडे तीन पत्रे उरली होती. काय करावे ते कळेना. पाकिटे बंद होती, पत्ता त्याच्या हातचा होता. ती फाडण्याचा अधिकार मला नव्हता आणि परत कोणाला करणार? सूचनापत्र आधीच पोचले असेल असे मी धरून चाललो. मी ठरल्याप्रमाणे तिन्ही पाठवली. चूक झाली असल्यास आईची क्षमा मागतो.’

सूचनापत्र आधी पोचले नव्हते. डब्यातल्या नोंदींप्रमाणे ते १२ फेब्रुवारीला आले. २१ जानेवारीचे पत्र त्याच्या आदल्या दिवशी, ३१ जानेवारीचे तीन दिवसांनी, आणि शेवटचे १ मार्चला. वीस दिवसांत गावात अमेरिकन फौज आली आणि टपाल थांबले. त्या शेवटच्या पत्राला खोडून काढणारे काही त्यानंतर आलेच नाही.

निदान एलिझाबेटपर्यंत आले नाही. कारण फाइलचे नववे पान रजिस्टर टपालाची पोचपावती आहे. दोन्ही जबान्यांच्या नकला ६ ऑक्टोबर १९५३ रोजी तिच्या पत्त्यावर पोचल्या. पावतीवर सही आहे : इ. गिल्शर. एलिझाबेटच्या नावाचे आद्याक्षर जर्मनमध्येही निराळे आहे. शिवाय इर्मगार्टच्या सहीचा नमुना माझ्यासमोर होता. डबा बर्लिनला पाठवताना त्यांनी मला परवानगीचे पत्र दिले होते. एकाहत्तर वर्षांत ‘इ’चा फास बदललेला नव्हता.

पाथरवटाला यायला नऊ दिवस होते. मी नकला घेऊन गावी गेले.

इर्मगार्ट स्वयंपाकघरात बसल्या होत्या. त्या पाल्झ या आपल्या प्रांताच्या बोलीत बोलतात. शुभदाताई त्यांच्याशी निम्मे जर्मन, निम्मे मराठी बोलतात आणि ते दोघींनाही चालते.

“बर्लिनहून येणारे कागद आणतात,” इर्मगार्ट म्हणाल्या. “केक आम्हालाच करावा लागतो. बस.”

शेवटचा शब्द मराठीत होता.

मी आठ पाने वाचून दाखवली. स्वयंपाक्याची जबानी ऐकताना त्यांनी डोळे मिटले. ओल्समानची जबानी सुरू झाली तेव्हा उघडले. कुहू उठून खिडकीपाशी गेली. मी थांबले.

“नववं?” इर्मगार्टनी विचारले.

फाइलमध्ये किती पाने आहेत हे मी सांगितलेले नव्हते. पण पावती मूळ फाइलला जोडली जाते हे एकदा तशी सही केलेल्याला ठाऊक असते. मी नववे पान टेबलावर ठेवले.

शुभदाताईंनी चष्मा लावून पाहिले. “ही तर तुमची सही, आई.”

“या, हो. माझीच.”

“अहो, पण म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?”

“बटाटे काढायचे दिवस होते. आई शेतावर होती. पोस्टमनला मी ओळखत होते, त्याने विचारलं नाही. चुलीपाशी उभ्यानेच वाचलं. आई रोज पाचला उठायची. शेळ्या, शेत, खाणीच्या खाणावळीत भांडी. लोक म्हणायचे, एलिझाबेट लोखंडाची आहे. लोखंड नव्हतं ते. ती पाच पत्रं होती. मी एकोणीस वर्षांची होते. चुलीचं झाकण उघडंच होतं.”

“ओमा,” कुहू आजीला जर्मनमध्ये म्हणाली, “तू ते जाळलंस?”

“आधी वाटलं, हिवाळा जाऊ दे, मग सांगू. मग वाटलं, इस्टर होऊ दे. मग स्मारक बांधायला निघाले आणि ती त्या सरपंचाशी भांडायला गेली. त्यानंतर सांगायचं म्हणजे, आई, तू तीन वर्षं उगाच वाट पाहिलीस, आणि ती मी पाहू दिली. पुढच्या वर्षी चार झाली असती. अशी अठरा झाली.”

त्यावर शुभदाताई जे बोलल्या त्यात राग होता, पण तो अपेक्षित जागी नव्हता.

“मी लग्न होऊन आले त्या वर्षी सर्वपित्रीला तुम्हाला विचारलं होतं, मामांची तिथी कोणती. तुम्ही म्हणालात, माहीत नाही. ज्यांची तिथीच ठाऊक नाही त्यांच्यात मी त्यांना बसवलं! अठ्ठावीस वर्षं त्यांचं पान अमावास्येला वाढतेय मी. आणि तुम्ही समोर बसून जेवत होतात?”

“पान वाढायला मीच सांगितलं होतं ना?”

“तेच तर! जिवंत माणसाचं पान वाढत नाहीत, एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं.”

“मला वाटत होतं, तुझ्या लक्षात येईल,” इर्मगार्ट म्हणाल्या. “दर वर्षी वाटायचं. तू मात्र विचारायचीस, आई, खीर अजून वाढू का.”

कुहू हसली, आणि लगेच तिला त्याची लाज वाटली. शुभदाताईंनी फोन काढून पंचांग पाहिले. मी नंतर ते दोन ठिकाणी ताडून घेतले. १८ जानेवारी १९४५ : माघ शुद्ध पंचमी.

“वसंत पंचमी,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “आणि मी त्यांना अमावास्येला...”

इर्मगार्ट माझ्याकडे वळल्या. “तू लिहिणार आहेस. नववं पानही लिहिणार?”

आठ पाने पुरेशी होती. आईची अट स्वयंपाक्याच्या जबानीने पूर्ण होत होती. पाथरवटाला पोचपावती लागत नाही. ते मी सांगितले. पण एवाल्टचे चरित्र लिहायचे तर त्याच्या आईला ते कधीच का कळले नाही, हा प्रश्न कोणीही वाचणारा विचारील आणि नवव्या पानाशिवाय त्याचे उत्तर एका कार्यालयाच्या माथी जाईल. त्या कार्यालयाने आपले काम केले होते. हेही सांगितले. तुमच्या परवानगीशिवाय मी काहीच लिहिणार नाही, एवढे त्याला जोडले.

“आईने एका कागदावर सही केली होती,” इर्मगार्ट म्हणाल्या. “त्याला पाठवायची. ते तिने कोणाला सांगितलं नाही, म्हणाली सक्तीने नेलं. तो अर्ज तू पाहिलास?”

“पाहिला.”

“मग तोही लिही. दोन्ही लिही. एकीचं लिहून दुसरीचं झाकू नकोस.” मग, सुनेला : “शुभा, कागद दे. ओळींचा. आणि त्या पेनात शाई आहे का बघ.”

दगड मृतांच्या रविवारच्या तीन दिवस आधी बसला. एलिझाबेटच्या नावाखाली एवाल्ट, १९२६, आणि १८ जानेवारी १९४५. ‘वीरमरण’ या अर्थाचे जे शब्द इथे अशा दगडांवर सर्रास दिसतात ते घालू का, असे पाथरवटाने विचारले होते. इर्मगार्ट म्हणाल्या, तो तोफेला गोळे देत होता, तेवढं दगडावर मावत नाही, तेव्हा काहीच नको. त्याखाली त्यांची स्वतःची ओळ आहे. तिथे जन्मसाल कोरले आहे, पुढे जागा सोडली आहे. वसंत पंचमीला शुभदाताईंनी पान वाढले. सर्वपित्रीला यंदा एक पान कमी असेल.

डबा इर्मगार्टकडे परत गेला आहे. यादी करताना मी त्यात एक नोंद वाढवली : क्रमांक ४७, इर्मगार्ट यांचे आईस पत्र, स्वहस्ते, दोन पाने. त्यात ६ ऑक्टोबर १९५३ रोजी घडलेली गोष्ट त्यांनी सांगितली आहे, कारणे फारशी दिलेली नाहीत. तारीख निळ्या शाईत, मजकुराच्याच हाताची. पहिली ओळ अशी : ‘धुके आहे. वारा नाही. दप्तराचा पट्टा टिकला.’